कुत्र्यासोबत बसता येईल असा गल्लीतला बार: सांगलीत काढायचा तर कसा

संध्याकाळी सहाच्या पुढे विश्रामबागेतल्या किंवा शंभर फुटी रोडच्या मागच्या गल्ल्यांत चक्कर मारली की हातात पट्टा धरून निघालेली माणसं दिसतात. कुणाकडे लॅब्राडोर, कुणाकडे बीगल, कुणाकडे गल्लीतलंच उचलून वाढवलेलं गावठी. जत, कवठेमहांकाळकडून शहरात आलेल्या घरांत एखादं सडपातळ कारवानही असतं. यातली बरीच माणसं रात्री बिअर घ्यायला बाहेर पडतात तेव्हा कुत्र्याला घरात कोंडून जातात, मोटारसायकल काढून लांबच्या परमिट रूमला जातात आणि पिऊन तीच गाडी चालवत परततात. घरापासून पाच-दहा मिनिटांवर कुत्र्याला घेऊन बसता येईल अशी नीट जागा असेल तर ही माणसं चालत येतील आणि चालतच घरी जातील. या धंद्याचा पाया हा चालत येणारा गिऱ्हाईक आहे. पुढचा प्रत्येक निर्णय त्याच्याकडे आणि त्याच्या कुत्र्याकडे बघून घ्यायचा.

भिंतीवर कुत्र्यांची चित्रं आणि दारात ‘पेट फ्रेंडली’ची पाटी लावणं एका दिवसाचं काम आहे. कुत्र्याला दोन तास शांत पडून राहता येईल अशी जागा करायला मात्र सहा महिने तरी धरा.

आधी जागा, आणि जागेआधी पाणी

सांगलीत जागा बघताना भाड्याच्याही आधी पुराचं विचारायचं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २००५, २०१९ आणि २०२१ साली पाणी याच्या बरंच वर गेलं आणि गावभाग, मारुती चौक, हरभट रोडकडचा भाग पाण्याखाली गेला. जागामालक ‘इथं पाणी येत नाही’ म्हणाला तरी शेजारच्या किराणा दुकानदाराला भिंतीवरची २०१९ ची खूण दाखवायला सांगा. पुराचं पाणी उतरल्यावर दारूचा साठा आणि फ्रीजचं नुकसान होतंच, पण आपल्या कामात आणखी एक गोष्ट असते. उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस साचलेल्या पाण्यातून कुत्र्यांना होतो आणि माणसांनाही होतो. चिखल बसलेलं अंगण धुऊन, वाळवून, निर्जंतुक करेपर्यंत तिथं कुत्रं आणता येणार नाही.

दुसरी गोष्ट मोजपट्टीची. शाळा, कॉलेज आणि धार्मिक स्थळापासून कायद्याने ठरवलेलं अंतर सोडावं लागतं. विश्रामबाग परिसरात विलिंग्डन आणि वालचंद ही दोन मोठी महाविद्यालयं आहेत, शाळा आहेत, क्लास आहेत, मंदिरं आणि जिनमंदिरं आहेत. नकाशावर मोकळी वाटणारी जागा प्रत्यक्ष मोजल्यावर बाद होऊ शकते. म्हणून जागेचा इसार देण्याआधी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या सांगली कार्यालयात जाऊन नियम विचारा आणि अंतर कुठून कुठपर्यंत धरतात ते समजून घ्या.

महापालिका हद्दीबाहेर, माधवनगर किंवा बुधगावकडे जागा स्वस्त मिळेल. तिथं महामार्गाचा नियम तपासावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला बंदी घातली. मार्च २०१७ मध्ये वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या ठिकाणी हे अंतर २२० मीटर केलं, आणि पुढे जुलै २०१७ मध्ये पालिका हद्दीतल्या दुकानांना हा आदेश लागू नसल्याचं स्पष्ट केलं. हद्दीच्या आत आणि बाहेर हा फरक त्यामुळे मोठा आहे.

तिसरी अट अंगणाची. अंगण नसेल तर ही कल्पना सोडून द्या. बंद एसी हॉलमध्ये, धुरात, खुर्च्यांच्या पायांत अडकलेलं कुत्रं दहा मिनिटांत भुंकायला लागतं. मागे किंवा बाजूला भिंतीच्या आतलं मोकळं आवार असलेला जुना बंगला मिळाला तर उत्तम. चाळीस खुर्च्यांचा हॉल आणि बोळाएवढं आवार असेल त्यापेक्षा वीस खुर्च्या आणि चार टेबलांचं ऐसपैस अंगण मला केव्हाही जास्त पटतं.

परवाना कोणता घ्यायचा

लोक ज्याला परमिट रूम म्हणतात तो एफएल-३ परवाना. त्यात विदेशी मद्य, बिअर, वाइन सगळं देता येतं. फक्त बिअर-वाइनपुरता नमुना ‘ई’ वेगळा असतो. गल्लीतल्या छोट्या, कुटुंबाच्या वावराच्या जागेला मी आधी बिअर-वाइनचा विचार करायला सांगेन. त्याची दोन कारणं. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने विदेशी मद्याच्या उत्पादन शुल्कात मोठी वाढ केली, त्यामुळे क्वार्टरवर चालणाऱ्या धंद्याचं गणित कडक झालं. आणि हातात पट्टा असलेल्या माणसाने सावकाश दोन बिअर घेऊन उठावं, हे आपल्या जागेला जास्त मानवतं. वाइनची एक गोष्ट इथलीच आहे: पलूसला सरकारने वाइन पार्क उभारलं तो आपल्याच द्राक्षपट्ट्यात.

परवान्यासोबत भोजनगृहाची कागदपत्रं लागतात: अन्नसुरक्षेचा एफएसएसएआय परवाना, दुकाने आणि आस्थापना नोंदणी, महापालिकेची कागदपत्रं, अग्निशमनाचं ना-हरकत, जागामालकाची संमती, पोलिसांचा अहवाल. इमारतीत सोसायटी असेल तर तिची लेखी संमती सगळ्यांत आधी घ्या. परवान्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च चालतं, नूतनीकरणाचं शुल्क दरवर्षी भरावं लागतं.

आता आपल्या कामाचा खरा मुद्दा. परवाना मंजूर नकाशापुरता असतो. काउंटर कुठे, बसायची जागा कुठे, साठ्याची खोली कुठे हे नकाशात दाखवावं लागतं. कुत्र्यांचं अंगण त्या नकाशात नसेल तर तिथं ग्लास नेऊन दिला की नियमभंग झाला. ‘आधी हॉल सुरू करू, अंगणाचं नंतर बघू’ असं करू नका. पहिल्याच अर्जात अंगण मोजमापासह दाखवा आणि तिथं पाळीव प्राणी असतील हे अधिकाऱ्यांना तोंडी सांगून थांबू नका, लेखी द्या.

अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे जिथं अन्न शिजतं, चिरलं जातं, साठवलं जातं तिथं प्राणी चालत नाहीत. म्हणून स्वयंपाकघराला आपोआप मिटणारं दार, खिडक्यांना जाळी, आणि अंगणातून स्वयंपाकघरात जायचा एकही रस्ता नको. ताटं अंगणात नेणारा मुलगा आणि कुत्र्याची घाण उचलणारा मुलगा वेगळे असावेत. माणसं कमी पडली तर अंगण बंद ठेवा, पण एकाच हाताने दोन्ही कामं करून घेऊ नका.

वयाची अट पक्की पाळा: महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१, बाकी मद्याला २५ वर्षं. कुत्रं असलं की घरातली पोरंही मागे लागून येतात. त्यांच्यासाठी परवान्याच्या हद्दीबाहेर, दाराजवळ, सरबत-सोड्याचं एखादं बाकडं असेल तर आईवडिलांची पंचाईत होत नाही.

शेजाऱ्यांच्या दारात तुम्ही आधी जा

या भागात दारूबंदीची चळवळ जोरात झाली आहे. गावातल्या किंवा प्रभागातल्या महिलांनी मागणी केली तर मतदान होतं, मतपत्रिकेवर उभी आणि आडवी बाटली असते, आणि आडव्या बाटलीला पुरेशी मतं पडली की दुकान बंद होतं. बायकांच्या या रागामागे घराघरांतलं खरं दुःख आहे. बार काढणाऱ्याने ते डोक्यात ठेवूनच गल्लीत पाऊल टाकावं.

दोन्ही बाजूंची आणि समोरची मिळून दहा-बारा घरं स्वतः फिरा. एजंटाला किंवा कार्यकर्त्याला पाठवू नका. घरातल्या बाईशी बोलणं व्हायलाच हवं. ‘काकू, तुमच्या दारात कुणी उभं राहणार नाही, गाडी लावणार नाही. काही झालं तर हा माझा नंबर, रात्री बाराला फोन केलात तरी मी उचलीन,’ एवढं बोला आणि तसं वागा. भुंकण्याबद्दल विचारतील, रस्त्यावरच्या घाणीबद्दल विचारतील, लहान पोरांना चावलं तर काय हे विचारतील. तिन्हीची उत्तरं आधी तयार ठेवा. ती पुढे येतातच.

वेळेचं वचन द्या. कायद्याने बार रात्री उशिरापर्यंत चालवता येत असला तरी अंगण दहाला रिकामं करायचं. रात्री दहा ते सकाळी सहा ही आवाजाच्या नियमांतली रात्र आहे. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि एक लॅब्राडोर मनापासून भुंकला की ती ओलांडली जाते. बाहेर स्पीकर लावू नका. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वरचं. आपल्याला सुखाचा वाटणारा आवाज त्याला छळू शकतो.

आजूबाजूला ज्यांना कुत्र्याचा स्पर्श चालत नाही अशी घरंही असतील. कुणाची धार्मिक कारणं असतात, कुणाला लहानपणी चावलेलं असतं. त्यांची समजूत घालत बसू नका. त्यांना कुत्र्याच्या वाटेत न येता आत जाता येईल असं वेगळं दार ठेवा.

अंगण कसं बांधायचं

पैसा इथं घाला, झुंबरावर नको.

दार दुहेरी हवं. बाहेरचं फाटक उघडून आत आलं, ते बंद झालं, मगच आतलं फाटक उघडायचं. मधली जागा एक माणूस आणि एक मोठं कुत्रं मावेल एवढी. पट्टा हातातून सुटलेलं कुत्रं रस्त्यावर पळालं आणि गाडीखाली आलं, तर त्या दिवशी तुमचा बार बंद पडला म्हणून समजा. कारवान किंवा मुधोळ जातीचं कुत्रं असेल तर मांजर दिसताच ते क्षणात निघतं. नजरेने सावज हेरून धावण्यासाठीच पिढ्यान् पिढ्या वाढवलेली ही जात आहे. भिंत किमान सहा फूट ठेवा.

फरशी खरखरीत शहाबादी किंवा न घसरणारी टाइल. गुळगुळीत ग्रॅनाइटवर म्हाताऱ्या कुत्र्यांचे पाय फाकतात. उतार एका बाजूला, तिथं जाळीची मोरी, जवळच पाइप लावलेला नळ. भिंतीला उघडा दगड किंवा शोभेची फटींची कारागिरी करू नका. कुत्र्यावरची गोचीड रक्त पिऊन झाल्यावर खाली उतरते आणि फटीत अंडी घालते. एकदा भिंतीत गोचीड शिरली की महिनोन् महिने निघत नाही. गुळगुळीत गिलावा, फटी बुजवलेल्या आणि दर पंधरवड्याला टॉर्च लावून कोपरे तपासणे, एवढं केलं तर गोचीडतापाची तक्रार सहसा येणार नाही.

टेबलं जड ठेवा. प्लास्टिकच्या खुर्चीला पट्टा बांधला आणि कुत्रं उठलं की खुर्ची मागोमाग फरफटते, त्या आवाजाने ते आणखी घाबरून पळतं. प्रत्येक टेबलाजवळ भिंतीत किंवा जमिनीत पक्की कडी बसवा, जमिनीपासून वीतभर उंचीवर. दोन कड्यांमधलं अंतर इतकं ठेवा की पट्टे पूर्ण ताणले तरी दोन कुत्री एकमेकांना भिडणार नाहीत. टेबलांच्या मधे कमरेएवढी बांबूची आडोशी भिंत घाला. कुत्र्यांची भांडणं बहुतेक वेळा एकटक बघण्यातून सुरू होतात, नजर तुटली की अर्धं काम होतं.

झाडं बघून लावा. कण्हेर, पिवळी कण्हेर, सायकस आणि डिफेनबाखिया आपल्याकडे हॉटेलांत सर्रास दिसतात, ही सगळी कुत्र्याला विषारी आहेत. अरेका पाम, केळ, जास्वंद चालतील. उंदरांसाठी औषध टाकू नका, पिंजरे लावा. औषध खाऊन मेलेला उंदीर कुत्र्याने खाल्ला तरी विषबाधा होऊ शकते. सिगारेटची थोटकं आणि तंबाखूच्या पुड्याही तशाच. अंगणात धूम्रपानाला साफ मनाई ठेवा.

साफसफाईत एक क्रम पाळा. आधी घाण उचलायची, मग साबणपाणी, मग सौम्य ब्लीच, दहा मिनिटं थांबून भरपूर पाणी. जमीन वाळेपर्यंत तिथं कुत्रं नको. पार्वो नावाच्या विषाणूवर साध्या फिनाइलचा भरवसा धरता येत नाही, तो महिनोन् महिने जमिनीत तग धरतो. त्याच्यावर ब्लीच चालतं. काळं फिनाइल तर वापरूच नका, ते चाटण्यात आलं तर कुत्र्याला अपाय होतो.

दारावरचे नियम

मोठ्या अक्षरांत, मराठीत, फाटकाशी लावा. आणि दारावर असा माणूस ठेवा ज्याला ओळखीच्या गिऱ्हाइकालाही ‘दादा, आज नको’ म्हणता येईल.

लसीकरणाचं पुस्तक बघितल्याशिवाय आत नाही. रेबीजची लस चालू वर्षाची हवी, शिवाय डिस्टेंपर-पार्वो-लेप्टोची. पहिल्या भेटीत पुस्तकाचा फोटो घेऊन वहीत नोंद करा: कुत्र्याचं नाव, मालकाचा फोन, पुढच्या लसीची तारीख. चार महिन्यांखालची पिल्लं नकोत, त्यांच्या लसी पुऱ्या झालेल्या नसतात. माजावर आलेली मादी नको. एका माणसामागे जास्तीत जास्त दोन कुत्री. पट्टा साधा, सहा फुटांपर्यंतचा. बटण दाबून लांबणारा पट्टा टेबलांच्या गर्दीत पायांना कापतो. कुत्रं खुर्चीवर किंवा टेबलावर नको, माणसांच्या ताटातलं काही त्याला द्यायचं नाही.

सर्वांत महत्त्वाचा नियम माणसांसाठी आहे. कुणाच्याही कुत्र्याला मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. दोन पेग झालेला माणूस प्रेमाने कुत्र्याच्या गळ्यात पडतो, तोंड तोंडाला लावतो, शेपटी ओढतो. कुत्रं बिचारं आधी तोंड फिरवतं, ओठ चाटतं, अंग ताठ करतं, डोळ्यांच्या कडा पांढऱ्या दिसायला लागतात, आणि मग गुरगुरतं. अशा वेळी कुत्र्याला नाही, माणसाला बाहेर काढायचं. कुत्र्याच्या वाटीत बिअर ओतून व्हिडिओ काढणाऱ्याला त्याच क्षणी बिल द्या आणि पुन्हा घेऊ नका. अल्कोहोल कुत्र्याच्या शरीरात झपाट्याने चढतं. उलट्या, झोक जाणं, अंग गार पडणं, रक्तातली साखर घसरणं, आणि लहान कुत्र्याच्या बाबतीत जीवही जाऊ शकतो. बिअरमधले हॉप्सही त्याला विषारी असतात.

चखण्याची ताटली आणि खालचं तोंड

हा भाग सांगलीकरांनी नीट वाचावा, कारण आपल्या चखण्यातल्या निम्म्या गोष्टी कुत्र्याला धोक्याच्या आहेत.

पहिला मान बेदाण्याचा. तासगावचा बेदाणा इथं घरोघरी, मूठभर खिशात असतो. पण द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतो. किती खाल्लं तर चालतं असं ठरवता येत नाही. एखादं कुत्रं बरंच खाऊन ठणठणीत राहतं, दुसरं थोड्यानेच आजारी पडतं. टार्टरिक आम्ल हे त्यामागचं कारण असल्याचं आता पशुवैद्यक मानतात. बेदाणा पाण्यात टाकून दिलेला, खिरीतला, चिवड्यातला, कसाही असो, अंगणाच्या मेनूत तो नको. बेदाणे आणि काजू-बदाम घातलेला चखणा आतल्या हॉलपुरता ठेवा.

दुसरा आपला भडंग. लसूण त्याचा जीव, आणि लसूण-कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. थोड्या दाण्यांनी लगेच काही होणार नाही, पण खाली सांडलेला भडंग रोज चाटणाऱ्या गिऱ्हाईक-कुत्र्याला हळूहळू अशक्तपणा येऊ शकतो. अंगणात भडंग द्यायचा तर खोल वाटीत द्या आणि टेबल उठलं की लगेच झाडा. कांदाभजी, मसाला पापडावरचा कांदा, रश्श्याची उरलेली वाटी यांनाही हेच लागू.

मटण-चिकनची शिजवलेली हाडं तर कधीच नाहीत. कच्चं हाड वाकतं, शिजलेलं फुटून टोकदार होतं आणि आतड्यात रुततं. ‘एक नळी दे की त्याला’ म्हणणारा प्रेमळ मालक दर शनिवारी भेटेल. वेटरला नम्रपणे नाही म्हणायला शिकवा. चॉकलेट, आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेली च्युइंग गम यांच्याबाबतही तेच.

मग द्यायचं काय? कुत्र्यांसाठी वेगळ्या पातेल्यात, मीठ-मसाला-कांदा-लसूण न घालता: उकडलेलं बिनहाडाचं चिकन आणि भात, उकडलेला लाल भोपळा, गाजर, उकडलेलं अंडं, ताकाची निवळी. तीन पदार्थ पुरे. फुकट देऊ नका, थोडी किंमत ठेवा, म्हणजे मालक गरजेपुरतं घेईल. त्याला ‘डॉगी बिअर’ वगैरे नाव देऊन बाटलीत भरू नका. लोक त्यावरून खऱ्या बिअरचा खेळ करतात. पाण्याच्या वाट्या स्टीलच्या, प्रत्येक टेबलाला वेगळ्या. सगळ्यांसाठी एक मोठं भांडं ठेवलं की एका कुत्र्याचा खोकला सगळ्यांना लागतो. वाट्या माणसांच्या भांड्यांच्या मोरीत धुवायच्या नाहीत.

माणसं: कोण ठेवायचं आणि काय शिकवायचं

नोकरीला घेताना स्पष्ट विचारा: कुत्र्यांची भीती वाटते का? वाटत असेल तर त्याला हॉल द्या, अंगणात ढकलू नका. घाबरलेल्या वेटरच्या हालचाली कुत्रं लगेच ओळखतं.

अंगणातल्या मुलांना कुत्र्याचं अंग वाचायला शिकवा. एखाद्या पशुवैद्यकांना दोन दुपार बोलवून हे शिकवणं सगळ्यांत उपयोगी. शेपटी हलते म्हणजे खूश, हे अर्धवट ज्ञान आहे. उंच, ताठ, बारीक हलणारी शेपटी इशारा असते. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारू किंवा ओरडू नका. गुरगुरणं दाबलं की पुढच्या वेळी ते न सांगता चावतं. नवं कुत्रं आलं तर समोरासमोर पट्ट्यावर ओळख करून देऊ नका, आधी अंतर ठेवून एकाच दिशेला चालवा, मग बसवा.

भांडण झालं तर हात मधे घालायचा नाही. बादलीभर पाणी, मधे खुर्ची किंवा ट्रे. तरी सुटली नाहीत तर दोन माणसांनी एकाच वेळी दोन्ही कुत्र्यांचे मागचे पाय धरून मागे ओढायचं. एकानेच एक धरलं तर दुसरं त्याला फाडतं.

चावलं तर

काही वेळा नियम पाळूनही दात लागतो. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. आपल्याकडे हळद घराघरात आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. मग सांगलीचं सिव्हिल हॉस्पिटल किंवा जवळचा दवाखाना. रेबीजची लक्षणं दिसल्यावर तो जवळजवळ नेहमीच जीव घेतो, पण वेळेत लस घेतली तर टळतो. कातडी फाटून रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं, ते डॉक्टर ठरवतील. चावणारं कुत्रं लसीकरण झालेलं आहे हे तुमच्या वहीतून डॉक्टरला दाखवता येतं, म्हणून ती वही काउंटरवर ठेवा. अंगणात काम करणाऱ्या मुलांना आधीच रेबीजची लस द्या, खर्च तुमचा.

कायद्याचंही भान हवं. पाळलेल्या जनावराबाबत निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सार्वजनिक दायित्वाचा विमा घ्या आणि पॉलिसीत ‘पाळीव प्राणी परिसरात’ हा उल्लेख आहे का ते वाचून बघा.

गल्लीतली कुत्री

फाटकाबाहेरची भटकी हा अंगणातल्या कुत्र्यांपेक्षा मोठा प्रश्न असतो. उरलेलं जेवण दारात टाकलं की दोन आठवड्यांत टोळी जमते, पट्ट्यातल्या कुत्र्यांवर धावते, शेजाऱ्यांची पोरं घाबरतात. कचरा झाकणाच्या डब्यात, आणि घंटागाडी येईपर्यंत आत. पण आधीपासून राहणाऱ्या त्या तीन-चार कुत्र्यांना हुसकू नका. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि रेबीजची लस देऊन त्यांना त्याच भागात सोडायचं असतं. महापालिकेकडे पाठपुरावा करून हे काम करून घ्या. लस दिलेली, ओळखीची भटकी कुत्री नवीन टोळीला सहसा येऊ देत नाहीत, आणि गल्लीला तुमचा एक उपयोग झालेला दिसतो.

ऋतू आणि दिवस

एप्रिल-मे मध्ये दुपारी अंगण बंदच. जमिनीवर तळहात पाच सेकंद टेकवता येत नसेल तर तिथं पंजे भाजतात. पग, बुलडॉगसारखी चपट्या नाकाची कुत्री तर संध्याकाळीही लवकर तापतात. जोरात धापा, लाळ, अडखळणं दिसलं तर सावलीत नेऊन साधं पाणी पोटावर, पंजांवर घाला, पंखा लावा आणि पशुवैद्यकांकडे न्या. बर्फ घासू नका. जवळच्या पशुवैद्यकांचा आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

पावसाळ्यात अंगणावर पत्रा असला तरी जमीन ओली, म्हणून वाळलेल्या चटया लागतात. कारवानसारख्या अंगावर चरबी नसलेल्या कुत्र्यांना थंडीत गार फरशीवर बसवत नाही, त्यांना तरटाची घडी द्या. गणपती विसर्जन आणि दिवाळीच्या फटाक्यांच्या दिवशी अंगण कुत्र्यांसाठी बंद ठेवा.

कोरड्या दिवसांचा चांगला उपयोग होतो. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला दारू नाहीच. अधिकाऱ्यांना विचारून त्या सकाळी अंगणात लसीकरण शिबिर घ्या. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन, त्या सकाळीही घेता येईल. दारूच्या दुकानात कधी पाऊल न टाकणाऱ्या काकूही मांजर घेऊन येतील.

हिशेब

कुत्र्यासोबतचा गिऱ्हाईक जास्त वेळ बसतो, टेबल फिरत नाही. म्हणून खर्चाची बरोबरी फक्त आतल्या हॉलच्या टेबलांवर काढा. अंगणाची कमाई शून्य धरूनही भाडं, पगार, परवाना शुल्क आणि कर निघतात का ते बघा. जून ते सप्टेंबर अंगण निम्मेच दिवस चालेल, आणि पुराच्या वर्षी त्याहून कमी. बिलात दोन हिशेब वेगळे: जेवणावर जीएसटी, आणि मद्यावर जीएसटी नाही, व्हॅट. परमिट रूममधला हा व्हॅट नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के झाला आहे. जास्तीचा खर्च कुठे येतो ते लिहून ठेवा: अंगणाचा स्वतंत्र माणूस, ब्लीच-साबण, पाणी, चटया, विमा, पशुवैद्यकांचं मानधन. उन्हाळ्यात टँकर मागवावा लागला तर तोही.

पहिले तीन महिने

उद्घाटनाला सगळ्यांना कुत्री घेऊन बोलावू नका. अनोळखी वीस कुत्री, ढोल, हार, गर्दी, असा दिवस कुणालाच सोसत नाही. पहिला महिना हॉल चालवा, माणसं बसू द्या. दुसऱ्या महिन्यात आठवड्यातले दोन दिवस, मंगळवार आणि गुरुवार, संध्याकाळी सहा ते नऊ, एका वेळी चार कुत्री, फोनवर जागा ठेवून. शनिवार-रविवार मुद्दाम सोडा. रोज रात्री वहीत लिहा: कोण आलं, कुठल्या टेबलावर भुंकणं जास्त झालं, कुठल्या शेजाऱ्याचा फोन आला, कुठली कडी सैल झाली. एखाद्या टेबलावर सारखं भुंकणं होत असेल तर ते दाराच्या नजरेत आहे का बघा आणि हलवा. तिसऱ्या महिन्यात शेजारच्या त्या दहा-बारा घरांना पुन्हा जाऊन विचारा. त्यांची हरकत नसेल आणि वहीत एकही चावा नसेल तर तिसरा दिवस वाढवा.